चौथ्या सिलिंडरचा वाटा

किस्से आम्ही मुद्दाम जमवले नाहीत. आम्ही जमवत होतो रीडिंग्ज. ती कधी एकमेकांशी जुळली नाहीत आणि मधल्या वेळात किस्से साठत गेले. आता घरी पाहुणे आले की नवराच म्हणतो, "वैशाली, तो चहावाल्याचा सांग ना." तो सांगून होतो तोवर पुढचा आठवतो आणि जेवणं लांबतात.

मुलुंडला, एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. माणसं चार. साठेसर मालक. पार्ल्याचे. आयुष्यभर एका इंजिन कंपनीत नोकरी करून रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून त्यांनी हा गाळा घेतला. परबकाका फिटर, मूळचे कुडाळकडचे, राहायला भांडुपला. किरण कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. आणि मी टेस्टिंग करते, म्हणजे इंजिन चालवायचं आणि ते कुठे चुकतंय ते लिहून काढायचं.

आमचं काम एकच. जुन्या पद्धतीच्या पेट्रोल इंजिनाला कार्ब्युरेटर एक आणि सिलिंडर चार. कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा मिसळतो, मग ते मिश्रण फाटे फुटलेल्या एका पाइपातून चौघांकडे जातं. त्या पाइपाला मॅनिफोल्ड म्हणतात. हवा बिचारी वळणावर वळते. पेट्रोलचे थेंब जड, ते भिंतीला चिकटतात आणि जवळच्याच फाट्यात घरंगळतात. मग मधले दोघे पिऊन तर्र आणि टोकाचा चौथा उपाशी. उपाशी सिलिंडर आधी खोकतो, मग तापतो आणि एक दिवस सगळ्या इंजिनाला घेऊन बसतो.

हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला आपापला इंजेक्टर असतो, तिथे हा प्रश्न मिटला. पण आग विझवायचे पंप, काही जनरेटर, जुन्या बोटी यांत अशी इंजिनं अजून चालतात. त्यांच्यासाठी सरांनी एक पितळी चकती केली होती, तिरक्या पात्यांची, कार्ब्युरेटरच्या खाली बसणारी. तिच्यातून जाताना मिश्रणाला गिरकी बसते, थेंब फुटतात आणि सगळ्यांना सारखं मिळतं. निदान मिळायला हवं. त्या चकतीला आम्ही म्हणायचो भोवरा.

*

सर हे सगळं पंगतीच्या भाषेत सांगतात. कोणालाही. एकदा लायसन्सच्या कामासाठी एक साहेब आले होते. त्यांनी सहज विचारलं, "इथे नक्की काय चालतं?"

सर खुर्ची पुढे ओढून बसले. "समजा पंगत बसलीय. वाढपी मधोमध उभा. त्याच्या जवळच्यांना जिलबीवर जिलबी. टोकाच्या पानाशी पोचेपर्यंत ताट रिकामं. आमचा सगळा प्रयत्न कशासाठी, तर टोकाच्या पानालाही तेवढीच जिलबी मिळावी म्हणून."

साहेबांनी मान डोलावली, लिहून घेतलं, चहा पिऊन गेले.

काही दिवसांनी दुसरेच एक साहेब हजर. अन्नपदार्थांच्या तपासणीचे.

"किचन कुठाय?"

"किचन नाही," सर म्हणाले.

"मग जिलबी कुठे तळता?"

सर खुर्ची पुढे ओढायला लागले, "हे बघा, समजा पंगत बसलीय..." परबकाकांनी त्यांचा दंड धरला.

साहेब गाळाभर फिरले. इंजिनापाशी थांबून त्यांनी नाक वाकडं केलं, शेरा मारला आणि निघून गेले. शेरा होता, "तेलाला वास येतो. त्वरित बदलावे."

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिनातलं ऑइल बदललं. झालंच होतं ते बदलायला.

*

हा चहावाल्याचा.

सिलिंडरला नीट मिळतंय की नाही हे त्याच्या स्पार्क प्लगच्या टोकावरून कळतं. पेट्रोल जास्त झालं तर टोक काळं, कमी पडलं तर पांढरं, आणि बरोबर असेल तर चहाच्या रंगाचं. हे जगात सगळीकडे असंच सांगतात. पण कुठला चहा, हे कोणी सांगत नाही.

परबकाका घरी बिनदुधाचा पितात. सरांच्या घरी पार्ल्याला मारी बिस्किट बुडवायला होतो तो फिका, सौम्य चहा. किरण टपरीवरचं कटिंग. एकच प्लग हातात घेऊन तिघं तीन गोष्टी बोलायचे.

"काळो खंय? बरोबर चायसारखो आसा."

"परब, याला चहा म्हणतात? हा काढा आहे."

शेवटी मी ठरवलं की इस्टेटच्या गेटवरच्या तिवारीचा चहा हा आमचा स्टँडर्ड. टेस्ट झाली की तिवारीचा ग्लास मागवायचा, खिडकीत ठेवायचा आणि चार प्लग त्याच्या शेजारी ओळीने लावायचे. महिनाभर झकास चाललं. मग एका सोमवारी चारही प्लग एकदम काळपट निघाले. कार्ब्युरेटर खोलला, साफ केला. मंगळवारी तेच. पेट्रोल बदललं. बुधवारी तेच. किरण म्हणाला, मॅनिफोल्डच नवीन करू या.

गुरुवारी सकाळी परबकाका ग्लास घेऊन आले आणि म्हणाले, "सोमवारपासून चाय बरी हा. दूध दाट घातलान तेणा."

सर उठले आणि चपला घालून तडक गेटवर गेले. तिवारीला वाटलं, गिऱ्हाईक चिडलं. तो हात जोडून म्हणाला, "साब, पानी नहीं मिलाया, कसम से."

"मिलाओ," सर म्हणाले. "जितना मिलाना है मिलाओ. लेकिन रोज उतना ही मिलाओ."

*

मॅनिफोल्डच्या आत काय चालतं ते डोळ्यांनी दिसावं म्हणून सरांनी पारदर्शक प्लास्टिकचा मॅनिफोल्ड करून घेतला. त्यात धूर सोडायचा आणि तो कुठे वळतो ते बघायचं. धुराचं यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून उदबत्त्या. उदबत्तीचा धूर पुरेना, म्हणून धूप. धूर बाहेर खेचायला मागे पंखा, आत दिसावं म्हणून खालून दिवा. गाळ्याचं शटर उघडं ठेवावं लागायचं, नाहीतर आम्हीच गुदमरलो असतो.

समोरच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी करतात. तिथले एक बुजुर्ग कामगार पहिल्या दिवशी दारात उभे राहिले, दुसऱ्या दिवशी चप्पल काढून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मी जेवून आले तर मॅनिफोल्डपुढे झेंडूची दोन फुलं आणि खडीसाखर.

"काका, अहो हे तसं नाहीये," मी म्हणाले.

"असू दे ताई. माझ्या मुलीचं काम अडलं होतं, काल झालं." आणि त्यांनी हळूच परबकाकांना विचारलं, "पण देव कुठला म्हणायचा हा?"

परबकाकांनी मॅनिफोल्डकडे बघितलं. चार फाटे चार दिशांना. ते म्हणाले, "चार तोंडांचो. ब्रह्मदेव."

"तरीच," ते बुजुर्ग म्हणाले. "देऊळ कुठे बघितलं नव्हतं कधी."

टेस्ट संपली तेव्हा मॅनिफोल्ड कपाटात ठेवायचा प्रश्न आला. समोरच्या गाळ्याने सांगितलं, आमच्याकडे ठेवा, आम्ही नीट ठेवू. अजून तिकडेच आहे. मोजमाप घ्यायचं असेल तर आम्ही बाहेर चपला काढून जातो.

*

सरांच्या घरचं थोडक्यात सांगते. काकू म्हणतात, "मला बघायला आले तेव्हा यांनी सगळ्यांच्या बशा बघितल्या. पोह्यांवरचं खोबरं सगळीकडे सारखं पडलंय की नाही. मग आईला म्हणाले, 'वाटप चांगलं आहे.' आणि होकार कळवला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पोहे माझ्या बहिणीने केले होते."

*

किरणला वाटायचं की ही उदबत्त्यांची भानगड म्हणजे मागासलेपणा. तो कॉम्प्युटरवर मॅनिफोल्डचं मॉडेल करून आत थेंब कसे जातात ते रंगीत चित्रात दाखवायचा. चित्रं देखणी असत. पण काही दिवस त्याच्या चित्रात पेट्रोल वरच्या भिंतीला चिकटून कार्ब्युरेटरकडे परत चढत होतं.

"किरण, पेट्रोल वर चढतं का रे?" मी म्हणाले.

"दिसायला विचित्र आहे, पण सॉफ्टवेअर चुकत नाही गं. आपल्याला वाटतं तसं निसर्गात नसतं."

मढची एक पार्टी बोटींच्या इंजिनासाठी आली होती. म्हातारे नाना आणि त्यांचे दोन पुतणे. किरणने मोठ्या स्क्रीनवर तीच चित्रं लावली आणि भाषण सुरू केलं. निम्म्यात त्याला स्वतःलाच दिसलं की मॉडेल तो उलटं ठेवून बसलाय. गुरुत्वाकर्षण छताकडे. कसंबसं म्हणाला, "म्हणजे, अं, हे इंजिन उलटं असताना कसं चालेल ते दाखवलंय."

सरांनी डोळे मिटले.

नाना मात्र सरसावून बसले. पुतण्यांकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे. मग अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे बोट पालथी झाली, तरी इंजिन चालू राहील?"

"कागदावर, हो," किरण म्हणाला.

नानांनी दोन भोवरे तिथल्या तिथे घेतले. एक अट घातली, ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या बोटवाल्याला सांगायची नाही.

*

माझी सोसायटी कांदिवलीला आहे. चार विंग. खालच्या पंपापासून एक जाड पाइप वर जातो आणि त्याला चार फाटे, चार विंगच्या टाक्यांसाठी. ए आणि बी विंगच्या टाक्या भरून वाहायच्या, सी ठीक, आणि डी विंगला सकाळी सातनंतर नळातून नुसती हवा. मी तेव्हा कमिटीवर होते. सहज एकदा सरांना सांगितलं.

"फोटो आहे?" सर म्हणाले. फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हा तर मॅनिफोल्ड आहे."

रविवारी ते आणि परबकाका कांदिवलीला आले. चेअरमन पाटकर टोपी घालून गच्चीवर हजर. सरांनी फाटे मोजले, वळणं बघितली, आणि ए, बी, सीच्या तोंडाशी कमीजास्त भोकांच्या चकत्या बसवायला सांगितल्या. संध्याकाळपर्यंत काम झालं. दुसऱ्या दिवशी डी विंगला पाणी आलं. मी सरांना फोन केला. ते इतके खूश झाले की काकूंनी फोन घेऊन मला विचारलं, "काय सांगितलंस गं यांना?"

आठवड्याने सोसायटीची खास सभा लागली. विषय पाणी.

पाटकर उभे राहिले. "पूर्वी एका विंगची तक्रार होती. आता चारही विंगची आहे. सगळ्यांचं पाणी नऊला बरोबर एकदम जातं."

"कारण पाणी आहेच तेवढं," मी म्हणाले. "आधी तुम्हाला दुसऱ्याच्या वाट्याचं मिळत होतं."

"ते असेल. पण मिळत होतं ना?"

मी डी विंगच्या बर्वेवहिनींकडे वळले. म्हटलं, निदान या तरी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "वैशाली, राग मानू नकोस. पाणी नव्हतं तेव्हा आम्हाला सोसायटी टँकर द्यायची. दिवसभर पाणी असायचं. आता थोडं येतं म्हणून टँकर बंद झाला."

सेक्रेटरींनी ठराव लिहिला, "पाण्याचे वाटप पूर्ववत असमान करण्यात यावे." एकमताने मंजूर. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमताने झालेला तो एकच ठराव.

सोमवारी सरांना सांगितलं. ते बराच वेळ पान्याशी चाळा करत बसले.

"डी विंगनेही हात वर केला?"

"पहिला हात त्यांचाच होता, सर."

*

आता शेवटचा. हा सांगताना मी काहीही वाढवत नाही, परबकाकांना विचारा.

एक वेळ अशी आली की गाळा बंद करायचा हे जवळजवळ ठरलं. बोटवाले सोडून फारसं कोणी भोवरा घेत नव्हतं. सरांचा मुलगा फोनवर रोज म्हणायचा, "बाबा, पुरे आता." किरण पुण्याला इंटरव्ह्यू देऊन आला होता. परबकाका रोज एकेक हत्यार पिशवीत घालून घरी नेत होते, कोणाला न सांगता. एक दिवस पाना शोधताना ते मला कळलं आणि मी दुसऱ्याच पान्याने काम भागवलं.

तेवढ्यात एका कारखान्याच्या फायर ऑफिसरांचा, शिंदेसाहेबांचा फोन आला. आग विझवायचे पंप होते त्यांच्याकडे, चार सिलिंडरचे, बरेच. सगळ्यांचा चौथा सिलिंडर जळायचा. ते म्हणाले, एक पंप घेऊन जा, तुमचं ते काय आहे ते बसवा आणि माझ्यासमोर चालवून दाखवा. पटलं तर सगळ्या पंपांचं काम तुमचं.

आम्ही पंप आणला, भोवरा बसवला, सेटिंग केलं. डेमोच्या दिवशी तो टेम्पोत घालून नेला. शिंदेसाहेब, त्यांची माणसं, मोठा हौद. पंप पूर्ण ताकदीने चालवला. पाण्याची धार सरळ, आवाज एकसारखा, कुठे खोकणं नाही. मग शिंदेसाहेबांनी स्वतः प्लग काढायला सांगितले. परबकाकांनी चारही काढून फडक्यावर ठेवले.

चारही तिवारीच्या चहासारखे. इतके सारखे प्लग मी आधी कधी पाहिले नव्हते. सरांनी चष्मा काढून पुसला. शिंदेसाहेब म्हणाले, "आमच्याकडून हो."

पंप घेऊन गाळ्यात परत आलो. किरण पेढे आणायला गेला. मी टेबल आवरायला घेतलं आणि टेबलावर, फडक्यात गुंडाळलेला, भोवरा होता.

"परबकाका, हा कुठला?"

काकांनी फडकं उलगडलं. सकाळी निघायच्या आधी त्यांनी कार्ब्युरेटर एकदा साफ करून बसवला होता. भोवरा काढून ठेवला तो परत घातलाच नव्हता. पंपात काहीच नव्हतं.

सर खुर्चीत बसले. मला भीती वाटली तशी कधी वाटली नव्हती. मग ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी नेमकं काय केलं?"

परबकाका जवळ गेले. "सायबानू, त्या पंपाक ठावक आसतला, तुमी सोबतीक आसास. म्हणान सरळ चाललो."

सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते शिंदेसाहेबांकडे गेले आणि आत शिरल्या शिरल्या म्हणाले, "साहेब, काल पंपात भोवरा नव्हता. तुम्ही ऑर्डर रद्द करू शकता."

शिंदेसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "पंप चालला की नाही?"

"चालला."

"मग रद्द कशाला? पण एक अडचण आहे. वरून मंजुरी 'भोवऱ्यासह' अशी आलीय. बिनभोवऱ्याचा पंप मला घेता येणार नाही."

आम्ही परत येऊन त्याच पंपात भोवरा घातला. चौथ्याचा प्लग पांढराफटक. भोवरा काढला, चारही सारखे. पुन्हा घातला, पांढरा. गाळ्यातल्या इंजिनावर याच्या बरोब्बर उलट. किरणने पुण्याची नोकरी नाकारली, म्हणाला हे कळल्याशिवाय मी कुठे जात नाही. कळलं काहीच नाही.

सरांनी शिंदेसाहेबांना फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग शिंदेसाहेब म्हणाले, "मंजुरीत 'भोवऱ्यासह' आहे. 'आत' असा शब्द नाही."

म्हणून प्रत्येक पंपाच्या हँडलला परबकाकांनी एकेक भोवरा तारेने बांधून दिला. सगळे पंप गेले. सगळे चालले. गाळा राहिला.

परवा शिंदेसाहेबांच्या माणसाचा फोन आला. एका पंपाचा चौथा सिलिंडर खोकतोय, प्लग पांढरा पडलाय.

"काही बदललंत का?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम. फक्त ती हँडलची चकती कुठेतरी पडली."

मी सरांकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"परब," सर म्हणाले, "एक भोवरा घेऊन जा."

परबकाका गेले. भोवरा हँडलला बांधला, पंप चालवला, प्लग काढून बघितले. चारही सारखे. निघताना त्यांनी तार आणखी दोन वेढे आवळली.